एका बटणाची भरती

बुधवारी दुपारी डबे आटोपल्यावर संदेशने आम्हा अकराही जणांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की यापुढे भरती एका बटणावर येईल.

मी विनिता मेस्त्री. राहायला डोंबिवली पूर्वेला, वडिलांबरोबर. ठाण्याजवळ बाळकुमच्या ज्या कंपनीत मी तेव्हा नोकरीला होते तिने आयुष्यात एकच गेम बनवलेला, ‘तिवर’, खाडीकाठच्या झाडांवरून नाव. जुन्या काळातली खाडी, तुमची एक होडी, होडीत मिठाची पोती आणि मागावर जकातवाले. वारा कुठून आहे, पाणी किती चढलंय, तिथी कुठली आहे हे बघून होडी काढायची. अंदाज चुकला की चिखलात रुतायचं आणि पुढची भरती येईस्तोवर बसून राहायचं. खरोखर बसायचं, वीस-वीस मिनिटं, पडद्यावरच्या खेकड्यांकडे बघत. एवढं सगळं सांभाळायला कीबोर्डवरची सदतीस बटणं लागायची. शहाण्या माणसाने असल्या खेळाच्या वाटेला जाऊ नये. पण लाखभर लोकांनी तो आपापल्या कम्प्युटरसाठी विकत घेतला, आणि त्यातले काही हजार त्याच्यापायी कामातून गेले. आमचे पगार या कामातून गेलेल्यांच्या जिवावर चालायचे.

आता दुसरा भाग येणार होता. एका परदेशी प्रकाशक कंपनीने पैसा लावायचं कबूल केलेलं, अट एकच. पहिलं वर्षभर गेम फक्त कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्या खोक्यावर, निघेल. कम्प्युटरवाल्यांचं नंतर बघू. कन्सोलच्या हातातल्या यंत्राला बटणं मोजकी, आणि सोफ्यावर पाय पसरून खेळणाऱ्याला तिथीबिथी परवडत नाही. म्हणून एक बटण दाबायचं, पाणी चढणार.

“पीसीवाला खेळाडू विचार करतो,” संदेश म्हणाला. “कन्सोलवाला अनुभव घेतो. आपल्याला विचाराकडून अनुभवाकडे जायचंय.”

हा संदेश घाडी पाच वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावर बसून स्वतः भरतीचं गणित लिहायचा. तेव्हा तो दोन शर्ट आलटून पालटून घालायचा आणि माणसासारखं बोलायचा. परदेशातून मीटिंग करून आल्यापासून त्याचे बूट बदलले होते, आणि वाक्यंही.

मयूर पाटील खिडकीपाशी उभा होता. कंपनी त्याच्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि कंपनीत त्याची भागीदारी. त्याचा आजा मिठागरावर राबलेला. पुढे जमिनीला भाव आला, शेतांवर टॉवर उभे राहिले आणि पाटलांची मुलं गेम काढायला मोकळी झाली. भरतीच्या वेळा, वाऱ्यांची नावं, सगळं मयूरने घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आणलेलं.

“भरती चंद्र आनतो,” मयूर म्हणाला. “तुज्या बापाचा बटन नाय आनीत. मना नाय पटत ह्ये.”

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. मलाही बरं वाटलं. म्हटलं, एकाला तरी कणा आहे.

गुरुवारी सकाळी मयूरने करारावर सही केली.

त्याच दुपारी संदेश माझ्या टेबलापाशी आला. खेळाडूंशी बोलणं, त्यांच्या तक्रारी घेणं, त्यांना उत्तरं देणं हे माझं काम. आमच्या साइटवर गप्पांचं एक पान होतं, तिथे मी स्वतःच्या नावाने लिहायचे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या भागाची कुजबुज सुरू झाली तेव्हा मी तिथे लिहिलेलं, ‘दुसरा भाग आधी पीसीवरच येणार. शब्द.’ हे मी माझ्या मनाने लिहिलं नव्हतं. ऑफिसच्या चॅटवर संदेशचा निरोप होता, ‘लिहून टाक. शब्द असं पण लिही, लोकांना आवडतं.’

“ते जुनं काढून टाक ना गं,” तो आता म्हणाला. “उगाच कुणीतरी उकरून काढेल.”

“लोकांनी ते वाचलंय, संदेश.”

“तीन वर्षं झाली. कोणाच्या लक्षात असणारे?”

मी काढून टाकलं. आज मी या गोष्टीतल्या सगळ्यांना नावं ठेवणार आहे, तेव्हा हेही सांगून टाकते. मला कुणी धाक घातला नव्हता. दोन क्लिक लागले, आणि मग मी खाली जाऊन चहा प्यायले.

शुक्रवारी संध्याकाळी घोषणा झाली आणि अर्ध्या तासात आमच्या चाहत्यांनी शिमगा सुरू केला.

चाहता ही काय चीज असते ते नोकरी केल्याशिवाय कळत नाही. एकोणीसशे तास खेळलेल्या एका गृहस्थाने लिहिलं की हा गेम पहिल्यापासूनच भिकार होता. म्हणजे ऐंशी दिवस आणि ऐंशी रात्री हे गृहस्थ भिकार वस्तू चाखत बसलेले. एकाने आमच्या होडीला हार घालून, खाली जन्ममृत्यूच्या तारखा टाकून श्रद्धांजलीचा फ्लेक्स बनवला. कल्याणच्या एकाने कन्सोलवाल्यांचा उद्धार केला, मग कल्याणचाच कन्सोलवाला त्याच्यावर धावून आला आणि दोघांनी मिळून एकमेकांच्या आयांना त्यात ओढलं. ‘खाडीराजा’ नावाच्या आमच्या जुन्याजाणत्या खेळाडूने जाहीर प्रतिज्ञा केली, ‘कन्सोल घरात आणीन तर बापाचं नाव लावणार नाही.’ त्याखाली नऊशे जणांनी अंगठे उमटवले.

मुद्दा खोटा नव्हता. त्यांना फसवलं होतंच. दिलेला शब्द मोडला होता, आणि एका बटणाची भरती म्हणजे थट्टाच होती. पण माणूस शहाण्यासारखा मुद्दा मांडेल तर त्याला चाहता कोण म्हणेल?

शनिवारी माझं पुसलेलं वाक्य वर आलं. अर्थात कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलेला. संदेशला वाटायचं लोक विसरतात. ज्यांना पौर्णिमेची भरती पाठ, ते हे विसरतील? फोटोखाली मोठ्या अक्षरांत, ‘विनिताने दिला शब्द, विनितानेच पुसला.’ दोन दिवसांत माझा फोटो, माझं कॉलेज, घरचा पत्ता आणि माझा फोन नंबर सगळ्यांच्या हाती होता. संदेशचं नाव क्वचित यायचं. तो साहेब, साहेबाला शिव्या घालायला थोडं धैर्य लागतं.

सोमवारी कंपनीचं निवेदन आलं. मी ते ऑफिसमध्ये, माझ्याच टेबलावर वाचलं. ‘संपर्क विभागातील एका कनिष्ठ सहकाऱ्याने व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय, अतिउत्साहात दिलेल्या आश्वासनामुळे काही गैरसमज निर्माण झाला. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

संपर्क विभागात मी एकटीच.

संदेशच्या केबिनला काच होती. मी काचेतून बघत उभी राहिले. तो फोनवर बोलत होता, त्याने हात वर करून मला ‘थांब, दोन मिनिटं’ अशी खूण केली, आणि ती दोन मिनिटं आठवडाभर चालली. मयूर जिन्यात भेटला. म्हणाला, “टेन्शन घेऊ नको. चार दिवसांची बोंबाबोंब हाय.” आणि गाडीची किल्ली फिरवत खाली उतरला.

मग रविवार आला.

सकाळी साडेआठला दाराची बेल वाजली. माझे वडील, गुणाजी मेस्त्री, तीस वर्षं एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले. सुट्टीच्या दिवशीही सहाला उठून दाढी करून बसतात. त्यांनी दार उघडलं. नवराबायको, बरोबर सासरा.

“फ्लॅट बघायला आलोय,” नवरा म्हणाला.

“कुठला फ्लॅट?”

“हाच ना? तीनशे दोन?”

वडिलांना वाटलं, मी त्यांना न सांगता काही ठरवलंय. त्यांनी मंडळींना आत घेतलं, पाणी दिलं. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा सासरा आमच्या बेडरूमची भिंत ठोकून बघत होता आणि जिन्यावर आणखी दोन कुटुंबं उभी होती.

भाड्याच्या घरांच्या एका साइटवर आमच्या घराची जाहिरात होती. आमच्या इमारतीत चालतं त्याच्या निम्म्याहून कमी भाडं. पत्ता बिनचूक. सोबत फोटो, माझ्या खिडकीतल्या टेबलाचा. दुपारपर्यंत चौदा कुटुंबं येऊन गेली. मी दारावर कागद लावला, ‘जाहिरात खोटी आहे, फ्लॅट भाड्याने नाही.’ तरी लोक बेल वाजवायचे. त्यांना वाटायचं, आम्ही आधी आलेल्या कुणाला तरी दिला आणि आता टाळतोय. एक बाई मला तोंडावर म्हणाली, “मराठी माणसंच मराठी माणसाशी असं वागतात.”

अकराच्या सुमाराला कल्याणहून एक जोडपं आलेलं. लिफ्ट बंद होती, आणि तिला आठवा महिना. तीन जिने चढून ती धापा टाकत होती, म्हणून वडिलांनी तिला कागद वाचायच्या आधीच आत बसवलं. तिच्या नवऱ्याने सांगितलं, मालकाला महिनाअखेर खोली खाली करून हवीय, दोन महिने शोधतायत, परवडेल असं काही मिळत नाही. तेवढ्यात ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून पाण्याची धार बघितली. मग बेडरूमच्या दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, “इथे पाळणा बसेल बघ, खिडकीखाली.”

मला सांगावं लागलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. कुणीतरी चेष्टा केलीय, असलं काहीतरी बोलले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती परत आत गेली, नळ थोडा गळत होता तो नीट बंद केला, आणि दोघं निघून गेली. उतरताना नवरा तिचा हात धरून एकेक पायरी मोजत होता.

दुपारी जेवताना वडिलांनी विचारलं, “हे त्या गेमपायी?”

“हो.”

“लहान पोरं असतील.”

“नाही बाबा. लहान पोरांना एवढा वेळ नसतो.”

ते म्हणाले, पोलिसांत जा. मी ऑनलाइन तक्रार केली, तिचा एक लांबलचक नंबर मिळाला. मग मी ती जाहिरात नीट वाचायला बसले. त्या टेबलाचा फोटो मी फक्त एकदा टाकला होता, पहिला गेम निघायच्या आधी तो तपासून देणाऱ्या चाळीस जणांच्या गटात. आणि जाहिरातीचा शेवट असा होता, ‘सदर सदनिका हवेशीर असून पाण्याची सोय चोवीस तास आहे. सबब इच्छुकांनी दूरध्वनी न करता समक्ष येऊन पाहणी करावी.’

चाळिसात ‘सबब’ लिहिणारा एकच होता. खाडीराजा. त्याने चार वर्षांत आम्हाला गेममधल्या चारशे बारा चुका कळवलेल्या, प्रत्येक वेळी ‘सबब कळविण्यात येते की होडी खडकातून आरपार जाते’ अशा भाषेत. त्याबद्दल कंपनीने त्याला एक टी-शर्ट आणि चहाचा मग पाठवलेला. पार्सल मीच केलेलं. पत्ता माझ्याकडे होता.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी रिक्षा करून ठाण्याला नौपाड्यात गेले.

पहिला मजला, दारावर पितळी पाटी. खाडीराजाचं खरं नाव हरिहर, मध्ये वडिलांचं नाव, मग आडनाव. बापाचं नाव अजून होतं. दार त्याच्या बायकोने उघडलं, ऐश्वर्याने. मी नाव सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला.

“अय्या, तुम्ही ह्यांच्या गेमवाल्या मॅडम ना? अहो, बघा कोण आलंय! बसा ना. त्या मगातनंच चहा पितात हो हे रोज, दुसरा कप चालत नाही.”

हरिहर आतून आला. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा, विरळ केसांचा, बनियनवर घाईघाईने शर्ट चढवत होता. एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, हे ऐश्वर्याने तोवर मला सांगून टाकलेलं. मला बघून त्याने बटणं चुकीच्या काजांत लावली.

“नमस्कार,” तो म्हणाला. “आपण कशा काय इकडे?”

“फ्लॅट बघायला आले,” मी म्हटलं. “समक्ष पाहणी करावी म्हटलं.”

तो बसला. ऐश्वर्या चहा ठेवायला आत गेली. समोर टीव्ही होता आणि टीव्हीखाली नवाकोरा काळा कन्सोल, अजून अर्धं प्लास्टिक तसंच. माझी नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

“मुलीसाठी घेतलाय,” तो म्हणाला.

कोपऱ्यात एक दहा-अकरा वर्षांची मुलगी वही उघडून बसलेली. सान्वी. तिने मान वर केली. “खोटं. मला हात पण लावू देत नाहीत. शनिवारी आला तेव्हापासून बाबाच खेळतायत.”

“सान्वी, अभ्यास कर.”

“करतेय.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्याला ती कल्याणची बाई सांगितली. आठवा महिना, तीन जिने, नळ, पाळणा, सगळं सावकाश सांगितलं. सान्वीचं पेन थांबलेलं. ऐश्वर्या ट्रे घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, माहीत नाही.

“तो एक प्रतीकात्मक निषेध होता,” हरिहर म्हणाला. “व्यक्तिशः आपल्याविरुद्ध काही नव्हतं.”

“पत्ता व्यक्तिशः माझा होता.”

“आपण समजून घ्या. आम्ही चार वर्षं दिली हो या गेमला. चारशे बारा चुका काढल्या, एक रुपया घेतला नाही. आणि आता म्हणतात, एक बटण! माणसाचा संताप होणारच.”

“कुणावर? संदेश घाडीचा पत्ता पण शोधला तर मिळतो. त्याच्या बंगल्याची जाहिरात का नाही टाकलीत?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं. संदेशकडे वकील होता, माझ्याकडे निवृत्त वडील.

“कसली जाहिरात?” ऐश्वर्याने विचारलं.

मी मोबाइलवर तिला दाखवली. तिने ट्रे खाली ठेवला आणि उभ्याने सगळं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, “सदर सदनिका. अहो, भाड्याने घर मिळत नव्हतं तेव्हा आपण कळव्याला किती जिने चढलो होतो? सान्वी पोटात होती तेव्हा?”

हरिहरने मान खाली घातली. त्याने माझ्यासमोर जाहिरात काढून टाकली, आणि मला म्हणाला, “घडल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.” कंपनीच्या निवेदनातलाच शब्द. दिलगीर हा शब्द बहुधा अशाच कामासाठी राखून ठेवलेला असावा.

“हेच तिथे लिहा, पानावर,” मी म्हटलं. “स्वतःच्या नावाने.”

“तेवढं नका सांगू. माझी सरकारी नोकरी आहे हो.”

मी उठले. चहा तसाच राहिला. जिन्यात ऐश्वर्या मागून आली आणि म्हणाली, “तुमच्या बाबांची माफी मागायला मी येईन.” त्या आठवड्यात ती खरंच आली, एकटी, आणि वडिलांनी तिला निघताना लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. या सगळ्या प्रकरणात धड वागलेलं एवढं एकच माणूस, आणि तिने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही.

मंगळवारी मी संदेशच्या केबिनमध्ये न विचारता शिरले.

“निवेदन मागे घे,” मी म्हटलं.

“बस आधी. पाणी पी.” त्याने दार लावलं. “विनिता, तू घरची आहेस. म्हणून तर तुझ्यावर टाकू शकलो ना? बाहेरच्यावर टाकलं असतं तर त्याने कंपनीला कोर्टात खेचलं असतं.”

हे तो खरंच बोलला. आणि त्याला वाटत होतं की तो माझी स्तुती करतोय.

“माझ्या घरी चौदा कुटुंबं आली, संदेश.”

“ऐकलं मी. वाईट झालं. मी ऑफिसातल्या हितेशला सांगितलंय, तुझ्या बाबांना ड्रायफ्रूटचा बॉक्स पाठव म्हणून. आणि महिनाभर तू घरून काम कर. वातावरण निवळेल.”

“शब्द असं लिही, हे तू सांगितलेलंस.”

“मी सांगितलं, पण लिहिलं तू. आणि पुसलं पण तूच ना? लोकांना तेच दिसतं.”

या माणसाबद्दल माझ्या मनात उरलासुरला जो काही आदर होता, तो त्या क्षणी संपला. राग येण्याइतकीही त्याची लायकी वाटेना. मी टेबलावर परत आले. तीन वर्षांपूर्वीचा त्याचा निरोप शोधला, त्याचा फोटो काढला आणि पानावर टाकला. खाली लिहिलं, ‘लिहायला यांनी सांगितलं. लिहिलं मी आणि पुसलंही मीच. त्याची लाज वाटते. माझ्या घराची खोटी जाहिरात देणाऱ्यालाही वाटावी. विनिता मेस्त्री.’ मग ड्रॉवर रिकामा केला आणि राजीनामा लिहून ठेवला. तो वाचायच्या आतच त्यांनी मला काढून टाकल्याचं पत्र धाडलं. कोण आधी, यावर नंतर तीन मेल झाले.

माझा नंबर अजून सगळ्यांकडे होता. संध्याकाळपर्यंत फोन बंद करायची वेळ आली, पण आता वेगळ्या कारणाने. मी वाघीण झाले होते. मी रणरागिणी, मी खऱ्या खेळाडूंचा आवाज. परवा जे माझ्या आईवर घसरलेले, ते आज मला ताई म्हणत होते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवाल्याने माझा फोटो होडीच्या शिडावर लावून पाठवला. खाली आलेल्या अभिप्रायांत खाडीराजाचाही होता, ‘सत्याची बाजू घेतल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन.’

मी ते सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ते पेपर बाजूला ठेवून ऐकत होते.

“म्हणजे आता चांगलं म्हणतायत?”

“हो.”

“मग आता आणखी जपून राहा,” ते म्हणाले.

मी पानावरून माझं नाव काढलं, नंबर बदलला. पाच महिने घरी होते. मग ठाण्यात एका छोट्या कंपनीत काम मिळालं. सोसायट्यांच्या पार्किंगचं आणि पाण्याच्या टँकरचं सॉफ्टवेअर बनवतात. त्यातल्या चुका शोधायच्या आणि सोसायट्यांचे फोन घ्यायचे. यात संदेश म्हणायचा तसला कुठलाही ‘अनुभव’ नाही.

‘तिवर’चा दुसरा भाग दिवाळीत कन्सोलवर निघाला आणि बरा खपला. एका बटणाची भरती लोकांना आवडली. कितीतरी जणांनी लिहिलं की पहिल्या भागात उगाच फार डोकं लावायला लागायचं. चौदा महिन्यांनी तो कम्प्युटरवर आला. मूळची भरती, तिथी आणि वाऱ्यांसकट, त्यात नव्हती. ती ‘अस्सल खाडी’ नावाने वेगळी विकत घ्यायची. म्हणजे जे आधी खेळातच होतं ते काढून घेतलं, आणि मग वर पैसे घेऊन परत दिलं. मला वाटलं आता तरी हे लोक पेटतील. छे! पानावर जल्लोष होता. ‘आपण जिंकलो! कंपनीला झुकवलं!’ ज्यांनी कन्सोलवर घेतलेला त्यांनी कम्प्युटरवर परत घेतला, आणि अस्सल खाडीही घेतली. संदेशने मुलाखतीत सांगितलं, “आम्ही मनाने कायम पीसीवालेच आहोत.”

त्यानंतर आठवड्याभराने मयूरचा फोन आला. नंबर त्याने कुठून मिळवला, विचारलं नाही.

“परत ये ना गो,” तो म्हणाला. “लोक तुजा नाव काढतात. पगार वाढवून देतो, मी बोलतो संदेशला.”

“ते निवेदन अजून साइटवर आहे, मयूर.”

“आता कोन वाचतो ता?”

“काढून टाक मग.”

“बघतो. संदेशला विचारावा लागंल.”

“तू भागीदार आहेस ना?”

“हाय ना. पन तुला म्हायती हाय त्यो कसा हाय.”

मला माहीत होतं. तो कसा आहे आणि हाही कसा आहे. मी त्याला कामात आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं, कारण घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, रामा शेट्ये म्हणून एक गृहस्थ, पंधरा मिनिटं दुसऱ्या लाइनवर ताटकळत होते. आमच्या सॉफ्टवेअरने एकच पार्किंग दोन गाड्यांना दिलेलं, आणि दोन्ही गाड्यांचे मालक त्यांच्या घरात येऊन भांडत होते. ते जाम चिडलेले होते. मी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं, पडद्यावर तपासलं. ते म्हणत होते ते बरोबर होतं.

“चूक आमची आहे, काका,” मी म्हटलं. “मीच तपासलेलं, माझ्या नजरेतून सुटलं. आज संध्याकाळपर्यंत नीट करून देते.”

त्यांनी विचारलं, “तुमचं नाव काय?”

मी सांगितलं.